चादरीचं दुसरं टोक

ताई, नमस्कार.

गेली नऊ वर्षं मी एका प्रायोगिक नाट्यसंस्थेत काम करते. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. आमचं सध्याचं नाटक लिहून आणलेल्या संहितेवरून बसवलेलं नाही. आई गेल्यावर तिची खोली आवरायला जमलेली भावंडं, एवढी एक ओळ घेऊन आम्ही चार महिने इम्प्रोव्हायझेशन केलं, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते करून पाहिलं, आणि त्यातून नाटक उभं राहिलं. एका संध्याकाळी कुणालाच काही सुचत नव्हतं. मी सहज एक मोठी चादर उचलली आणि घडी घालायला लागले. दोन टोकं माझ्या हातात, बाकीची दोन जमिनीवर. दुसरी टोकं धरायला आई येईल, अशी मी समोर बघत थांबले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग धाकट्या भावाचं काम करणारा नट उठला आणि त्याने ती टोकं उचलली. न बोलता आम्ही घडी घातली. हा मी शोधलेला प्रसंग दिग्दर्शकांनी नाटकाच्या शेवटी नेला. आज नाटकाबद्दल जो बोलतो तो त्या चादरीबद्दल बोलतो.

ब्रोशरवर 'संकल्पना, लेखन, दिग्दर्शन' आणि पुढे एकच नाव आहे. आम्ही सगळे 'कलाकार'. एका जाहीर मुलाखतीत सरांना विचारलं, चादर कशी सुचली? ते म्हणाले, लहानपणची एक आठवण मनात होती. मी समोरच बसले होते. एका मैत्रिणीशी बोलले तर ती म्हणाली, 'अगं, आपण एक कुटुंब आहोत. माझं-तुझं काय करायचं त्यात?' तेव्हापासून तालमीत मन लागत नाही. काही सुचलं तरी मी आता बोलत नाही. एकपात्री करावं असं वाटतं, सगळं माझं असेल असं. पण प्रयोगानंतर रात्री सगळे मिळून सेट उतरवतो तेव्हा जे वाटतं, ते सोडवत नाही. समूहात राहून माझं असं काही उरतं का? की मीच हिशेबी झालेय?

– एक अभिनेत्री

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगंवर येते.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तू हिशेबी झालेली नाहीस. दिवसभर नोकरी करून चार महिने रोज संध्याकाळी तू तालमीला गेलीस, त्यातल्या एका संध्याकाळी तुझ्या हातून जे घडलं ते दुसऱ्याच्या लहानपणात जमा झालं, आणि ते तू खुर्चीत बसून ऐकलंस. कुणालाही लागलं असतं. पण तुझ्या पत्रात मी अडले ती ओळ वेगळीच होती: 'काही सुचलं तरी मी आता बोलत नाही.' तिथे मला काळजी वाटली. श्रेयाचा घाव एकदा बसला. तालमीत गप्प राहण्याची सवय मात्र रोज थोडी थोडी मुरते, आणि एकदा अंगात मुरली की संस्था बदलली तरी सुटत नाही. एकपात्री केलंस तरी ती तुझ्याबरोबर येईल. म्हणून इतर पत्रं बाजूला ठेवून तुला आधी लिहायला बसले.

त्या संध्याकाळकडे जरा परत जाऊ. तू ती इतकी नीट लिहिली आहेस की मला खोलीतला पंखासुद्धा ऐकू आला. तू चादर उचललीस, दोन टोकं धरून थांबलीस. पुढचं तुझंच वाक्य वाच: 'बराच वेळ कुणी काही बोललं नाही.' तालमीच्या खोलीत हे किती क्वचित घडतं, हे तुला वेगळं सांगायला नको. कुणीतरी खाकरतं, कुणी फोन उलटा करून वेळ बघतं, कुणी मदत म्हणून एखादं वाक्य फेकतं, आणि आलेलं जातं. त्या दिवशी खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की आत्ता हात लावायचा नाही. ती समज नऊ वर्षं एकमेकांच्या चुका बघितलेल्या माणसांनाच असते.

मग तो भाऊ. माझं सगळं लक्ष त्याच्यावर आहे. दोन क्षण आधी उठला असता तर तो ताईला मदत करणारा गुणी भाऊ झाला असता आणि प्रसंग तिथेच संपला असता. तो थांबला. आई येणार नाही हे तुझ्या चेहऱ्यावर उमटेपर्यंत थांबला आणि मग आईच्या जागी जाऊन त्याने टोकं उचलली. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते बहुतेक याच क्षणी येत असणार. तुझ्या वाट पाहण्याने ती जागा तयार झाली आणि त्याच्या उशिरा उठण्याने ती भरली.

आणि सर. तू त्यांच्यावर चिडली आहेस, तरी तुझी प्रामाणिकता अशी की 'प्रसंग शेवटी नेला' हे तू लिहून गेलीस. चार महिन्यांच्या इम्प्रोव्हायझेशनमध्ये अक्षरशः शेकडो गोष्टी घडतात. त्यातलं काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं, हे पाहायला बाहेर बसलेला डोळा लागतो. हीच चादर पहिल्या दहा मिनिटांत आली असती तर खोली आवरण्याचा एक तपशील म्हणून निघून गेली असती. शेवटी आली म्हणून तिच्यात अख्खं नाटक गुंडाळलं गेलं.

म्हणजे ती चादर सरांना सुचली नव्हती. ती एकट्या तुझीही नाही. पण ती पहिल्यांदा तू उचललीस. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तुमच्या ब्रोशरवर यातली एकही नाही. माझ्या मते तुझं दुखणं इथे आहे. तू कल्पनेची मालकी मागत नाही आहेस. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं जावं, एवढंच मागते आहेस. हे मागणं अगदी रास्त आहे. ते तुझ्या एकटीचंही नाही, त्या खोलीतल्या प्रत्येकाचं आहे.

तुझ्या मैत्रिणीच्या 'कुटुंब' या शब्दाबद्दल थोडं रागाने लिहिणार आहे, तिच्यावर राग नाही. नाट्यसंस्थांमध्ये हा शब्द फार प्रेमाने वापरला जातो आणि मीही तो वर्षानुवर्षं वापरला. पण कधी वापरला जातो ते बघ. पैशांचं विचारलं की, श्रेयाचं विचारलं की, तालमीच्या वेळा कोण ठरवतं असं विचारलं की. कुटुंब म्हटलं की विचारणाराच वाईट ठरतो. नाटक करणाऱ्यांचा समूह मला कुटुंबापेक्षा वेगळा आणि एका अर्थी जास्त मोलाचा वाटतो, कारण तिथे कुणी जन्माने आलेलं नसतं. प्रत्येक जण रोज संध्याकाळी पुन्हा ठरवून येतो. ठरवून येणाऱ्या माणसांशी बोलून-ठरवूनच वागावं लागतं.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखलं होतं. नाट्यशास्त्राच्या शेवटच्या अध्यायांत नाटकमंडळीत कोण कोण असतं याची यादी येते. नट, सूत्रधार, विदूषक तर आहेतच, पण मुकुट करणारा, दागिने करणारा, फुलांच्या माळा गुंफणारा, वेष करणारा, चित्रं काढणारा, कपडे धुणारा-रंगवणारा, लाकूडकाम करणारा, हे सगळे आहेत, प्रत्येकाचं काम काय ते सांगून. आणि या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: भरत. ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तेच नाव माळा गुंफणाऱ्याचंही. मला ही यादी वाचताना नेहमी भरून येतं. तिथे सगळे एक आहेत असं म्हणून कुणाला पुसलेलं नाही. एकेकाचं काम वेगळं नोंदवलं आहे आणि मग सगळ्यांना एका नावाखाली आणलं आहे. क्रम हाच असायला हवा. आपण उलटं करतो.

जिथे नोंद झाली नाही तिथे काय होतं याचं एक ठसठशीत उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९७४ च्या जानेवारीत काही नर्तक-नर्तकी एका रात्री एकत्र बसले आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल तासन् तास बोलले. ते सगळं टेपवर घेतलं गेलं. त्या बोलण्यातून 'अ कोरस लाइन' हे संगीत नाटक उभं राहिलं, १९७५ मध्ये रंगमंचावर आलं आणि ब्रॉडवेवर त्याचे ६,१३७ प्रयोग झाले. ज्यांच्या आयुष्यातून ते निघालं त्यांनी आपापल्या गोष्टींचे हक्क एकेका डॉलरला लिहून दिले होते. पुढे दिग्दर्शकाने आपल्या मानधनातला काही वाटा त्यांना द्यायची व्यवस्था केली, पण २००६ मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा त्या वाट्यावरून वाद उभा राहिलाच. त्या रात्री टेप चालू असताना कुणाच्याही मनात फसवायचं नसावं, असं मी मानते. सगळे एकाच भावनेने भारलेले होते. भारलेल्या रात्री कुणाला कागद आठवत नाही, आणि मग त्या रात्रीचं मोल पुढे वकील ठरवतात.

'रेंट' या नाटकाचंही तसंच. त्याचा लेखक-संगीतकार १९९६ मध्ये प्रयोग सुरू होण्याच्या तोंडावर वारला. संहितेवर त्याच्याबरोबर बसलेल्या ड्रामाटर्गने, म्हणजे संहिता घडवायला मदत करणाऱ्या नाट्यसल्लागार बाईने, सहलेखक म्हणून दावा लावला. तिने संहितेत भर घातली होती, हे न्यायालयाने नाकारलं नाही, पण आपण दोघं सहलेखक आहोत असा लेखकाचा हेतू दिसत नाही म्हणून दावा फेटाळला, आणि १९९८ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. हे तुला कोर्टात जा म्हणून सांगत नाही. आपण काय म्हणून एकत्र बसलो आहोत, हे बसतानाच ठरवलं नाही तर पुढे ते सिद्ध करणं किती कठीण जातं, ते कळावं म्हणून सांगते.

नीट केलेल्याचंही उदाहरण आहे. लंडनमध्ये १९६३ साली जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपने 'ओ, व्हॉट अ लव्हली वॉर!' केलं, पहिल्या महायुद्धावरचं, बरंचसं तालमीतून उभं राहिलेलं. त्याच्या श्रेयात संस्थेचं नाव आहे, व्यक्तींची नावं आहेत, आणि मूळ नटसंचही आहे. दिग्दर्शिकेचा दरारा केवढा होता हे रंगभूमीच्या इतिहासात सगळ्यांना ठाऊक आहे. नटांचा उल्लेख केल्याने तो तसूभरही कमी झाला नाही. तुझ्या सरांशी बोलताना हे तुझ्या मनात असू दे, कारण त्यांना मनातून कदाचित हीच भीती असेल.

आता माझं एक सांगते. हे मी आजवर फार कमी जणांना सांगितलं आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एक नाटक बसवलं होतं. शेवटी म्हातारा उठून आत जातो आणि काळोख होतो, असं मी ठरवलेलं. रंगीत तालमीच्या दिवशी प्रकाशयोजनेच्या बोर्डावर बसणाऱ्या मुलाने काळोख केलाच नाही. म्हातारा गेला, रिकामी खुर्ची उजेडात राहिली. मी ओरडणार इतक्यात उजेड हळूहळू उतरला, सगळ्यात शेवटी खुर्चीच्या हातावरून. तिथे म्हाताऱ्याचा हात टेकून टेकून रंग उडालेला होता, आणि तेवढाच एक ठिपका क्षणभर उरला. मी त्याला विचारलं, चुकलं का रे? तो म्हणाला, 'नाही. मला वाटलं, ते गेलेत हे खुर्चीला कळायला जरा वेळ लागेल.' आम्ही ते तसंच ठेवलं. समीक्षणांमध्ये त्या खुर्चीवर परिच्छेदच्या परिच्छेद आले. एका कार्यक्रमात मला विचारलं, तेव्हा मी खुर्चीबद्दल दहा मिनिटं बोलले. अनुपस्थिती, स्मृती, असं बरंच काही. त्या मुलाचं नाव मी घेतलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तोवर मला खरोखरच ते माझंच वाटायला लागलं होतं. रोज रात्री विंगेतून तेच बघत होते, त्यावर बोलत होते, ते माझ्यात इतकं भिनलं की उगम पुसला गेला.

त्याने पुढचे दोन प्रयोग केले आणि मग येणं थांबवलं. कारण नोकरीचं सांगितलं. बऱ्याच वर्षांनी माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, 'नावाचं काही नव्हतं हो ताई. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी तिथेच मागे उभा होतो, एवढंच.' त्याने नाटक पुन्हा केलं नाही. प्रकाशाकडे तसं बघणारा दुसरा माणूस मला त्यानंतर मिळाला नाही, आणि ज्या नाटकांत तो हवा होता ती नाटकं त्याच्याशिवाय झाली.

हे दोन कारणांसाठी सांगितलं. एक म्हणजे तुझे सर खोटं बोलले असतीलच असं नाही. त्यांच्या लहानपणी खरोखर कुणी चादरी घातल्या-काढल्या असतील, आणि तुझा प्रसंग शंभरदा पाहून ती आठवण त्याला जाऊन चिकटली असेल. त्यामुळे तुझं दुखणं कमी होत नाही. पण संवाद कुठून सुरू करायचा ते त्याने बदलतं. दुसरं म्हणजे तो मुलगा माझ्याशी बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. चूक माझी होती, बोलायची जबाबदारी त्याची नव्हती. तरीही वाटतं. तू अजून तिथे आहेस. तुला बोलता येईल.

तर बोल. प्रयोगाच्या दिवशी नको, प्रयोग संपल्या-संपल्याही नको, ग्रुपवर मेसेज टाकून तर मुळीच नको. सरांकडे एक तास माग, दोघंच बसा. सुरुवात ब्रोशरपासून करू नकोस, मुलाखतीपासून कर, कारण तिथे तुला लागलं. 'सर, तुम्ही चादरीबद्दल बोललात तेव्हा मी समोर होते. ती संध्याकाळ मला अशी आठवते,' असं म्हणून तू मला जसं लिहिलंस तसं सगळं सांग. भाऊ किती वेळ थांबला तेही सांग, आणि प्रसंग शेवटी नेण्याने काय साधलं तेही. त्यांचं काम तू पाहिलं आहेस हे त्यांना ऐकू येऊ दे. मग थांब. चादर हातात धरून थांबली होतीस तशी थांब आणि ते काय म्हणतात ते ऐक.

मागायचं काय, हे मात्र आधी पक्कं ठरवून जा, नाहीतर बोलणं 'तुला वाईट वाटलं का, सॉरी हं' इथेच संपेल. मी तुझ्या जागी असते तर एवढं मागितलं असतं: पुढच्या प्रयोगापासून ब्रोशरवर 'लेखन' हा शब्द जाऊन 'तालमीतून निर्मिती' असं येईल आणि त्यापुढे त्या चार महिन्यांत खोलीत असलेल्या सगळ्यांची नावं असतील, मध्येच सोडून गेलेल्यांचीसुद्धा. 'संहिता-संकलन आणि दिग्दर्शन' यापुढे सरांचं नाव राहील, कारण ते त्यांनी केलंच आहे. चादरीपुढे तुझं वेगळं नाव मागू नकोस. तसं मागितलंस तर उद्या प्रत्येक प्रसंगाची अशी चिरफाड सुरू होईल, आणि त्या सात-आठ जणांनी राखलेली शांतता कुणाच्या नावावर लिहायची? पण पुढे कुणी मुलाखतीत विचारलं, तर 'ते तालमीत हिच्याकडून आलं' असं सांगायचं, एवढं वचन जरूर घे. तोंडी श्रेय द्यायला काही लागत नाही, आणि ज्याला ते मिळतं त्याला ते वर्षानुवर्षं पुरतं.

दुसरं काम पुढच्या नाटकासाठी. एक वही ठेवा. प्रॉम्प्टरकडे असते ती नव्हे, तालमीची. तारीख, कोण हजर होतं, काय करून पाहिलं, कुठून सुरुवात झाली, काय टाकून दिलं. रोज वेगळ्याने लिहायचं, पाच-सहा ओळी पुरेत. फोनवर चित्रीकरण केलंत तर उत्तम, पण वही हवीच, कारण लिहिताना माणूस दुसऱ्याचं काम बघायला शिकतो. माझ्या संस्थेत ही पद्धत सुरू केली तेव्हा एक गोष्ट घडली जी माझ्या अपेक्षेबाहेरची होती: कोपऱ्यात बसणारी दोन मुलं बोलायला लागली. आपण म्हटलेलं लिहिलं जातं, हे त्यांना दिसलं. शिवाय नव्या नाटकाला बसायच्या आधीच ठरवा की यातून संहिता झाली तर तिच्यावर नावं कुणाची, ती छापली गेली, दुसऱ्या कुणी केली, तिचा चित्रपट झाला, तर पैसे कसे वाटायचे. एक पान पुरतं. हे भांडण झाल्यावर ठरत नाही, प्रेम असतानाच ठरतं.

एकपात्रीबद्दल. कर. मनापासून सांगते, कर. नऊ वर्षांत तुझ्यात जे साठलंय ते तपासायला तुला एकटीची जागा हवी आहे. फक्त ते या रागातून करू नकोस आणि 'सगळं माझं' या आशेने तर नकोच. पहिल्या तालमीला तुला कळेल की समोर कुणीतरी बसायला हवं, ज्याला तू विचारशील, 'इथे कंटाळा आला का?' तो माणूस म्हणेल, मधली पाच मिनिटं काढ, आणि ती काढल्यावर नाटक चालायला लागेल. उजेडाच्या बोर्डावर कुणीतरी असेल, पार्श्वसंगीत सोडणारं कुणीतरी असेल, आणि तुझा श्वास बघून एखादा क्यू अर्धा क्षण उशिरा देईल. तेव्हा तुझ्या हातात तुझं ब्रोशर असेल. त्यावर तू काय लिहितेस ते मला पाहायला आवडेल.

संस्था सोडायची की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. बोलून बघ, मग एक-दोन महिने जाऊ देत. सर ऐकतील असं मला वाटतं, पण नाहीच ऐकलं, हसण्यावारी नेलं किंवा तुझ्या भूमिका कापायला लागले, तर मात्र रेंगाळू नकोस. ठरलेले प्रयोग पुरे कर, तुझ्या जागी येणारीला चादर कशी धरायची ते स्वतः शिकव, आणि नीघ. संस्था आणि समूह एकच असतात असं नाही. 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आलं तेव्हा ते ज्या संस्थेने केलं होतं तिने १९ प्रयोगांनंतर थांबवलं. ते करणारे लोक बाहेर पडले, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली, आणि ओळीत उभं राहून नाचत-गात झालेला तो माणसांचा पडदा पुढे युरोपपर्यंत गेला. तो पडदा एकाने धरून होत नाही. माणसं एकमेकांना सोडून गेली नाहीत म्हणून तो पुन्हा उभा राहिला, संस्थेच्या पाटीवरचं नाव बदललं तरी.

आणि सेट उतरवताना जे वाटतं म्हणालीस, त्यावर मी बराच वेळ विचार केला. मला वाटतं, दिवसभरातली ती एकच वेळ असते जेव्हा कोण काय करतंय हे सगळ्यांना स्पष्ट दिसतं. लेव्हलचं, म्हणजे सेटवरच्या लाकडी चौथऱ्याचं, एक टोक तू धरतेस, एक तो धरतो, कुणीतरी 'सांभाळून, डावीकडे' म्हणतं, कुणीतरी खिळे वेचतं. कुणाचं काम दुसऱ्याच्या नावावर जात नाही. पॅरिसजवळ एका जुन्या काडतूस कारखान्यात १९७० पासून नाटक करणाऱ्या तेआत्र दू सोलेयने हेच रोजच्या जगण्याचं सूत्र केलं. तिथे सगळ्यांना सारखा पगार, स्वयंपाक-साफसफाई सगळ्यांनी वाटून, आणि आरियान म्नूश्किन यांच्यासारखी जगद्विख्यात दिग्दर्शिका प्रयोगाच्या वेळी दारात उभी राहून प्रेक्षकांची तिकिटं घेते. नट मेकअप करताना प्रेक्षकांना दिसतात, अशी तिथली रचना. त्यांच्याकडेही कटकटी झाल्याच असतील, इतकी वर्षं माणसं एकत्र राहिली की होतातच. पण काम दिसतं ठेवायचं, ही त्यांची वृत्ती मला तुमच्या सेट उतरवण्याच्या जवळची वाटते. तुझ्या मनाला ती रात्रीची वेळ का सोडवत नाही, ते यावरून कळेल.

एक शेवटचं, आणि हे सरांशी बोलायला जाण्याआधी करायचं आहे. तुझ्या पत्रात धाकट्या भावाचं काम करणाऱ्या त्या नटाला एकच वाक्य मिळालंय. तो त्या संध्याकाळी उठायच्या आधी इतका वेळ का थांबला, हे तू त्याला कधी विचारलंयस का? विचार. त्याने काय सांगितलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि जमलं तर मलाही कळव.

तुझी,
ताई